दीक्षाजवळचे पासवर्ड

उमरेडहून सकाळच्या एसटीनं नागपूरला कामाला येणारी माणसं कमी नाहीत. त्यातलीच एक दीक्षा रामटेके. सक्करदऱ्याकडच्या एका हायस्कुलात ती कंत्राटी लिपिक होती. वय तिशीच्या पुढं, पदवी झालेली, टायपिंगची परीक्षा पास, तरी सगळे तिला ‘ऑफिसातली ती मुलगी’ म्हणायचे. आपल्याकडे हे असंच असतं. पर्मनंट झाली की बाई मॅडम होते, तोवर ती मुलगीच. दीक्षाला आधी याचं वाईट वाटायचं, मग वाटेनासं झालं. कारण त्या शाळेत तिच्यावाचून कोणाचं पान हलत नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शाळा म्हटली की खडू आणि फळा, असं तुम्हाला अजून वाटत असेल तर तुम्ही बऱ्याच दिवसांत शाळेत गेलेले नाहीत. पगार ऑनलाइन, रजा ऑनलाइन, पोरांची हजेरी ऑनलाइन, पोरांनी किती खिचडी खाल्ली तेही ऑनलाइन. आणि प्रत्येकाला पासवर्ड. ज्या माणसांनी जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांकडून पाढे घोकून घेतले, त्यांना स्वतःचा एक पासवर्ड पाठ होईना. मग काय, दीक्षा होतीच. “दीक्षा, माझा पासवर्ड तुझ्याजवळ लिहून ठेव गं,” असं स्टाफरूमच्या दारातून ओरडून सांगायचे आणि लगेच पासवर्डही ओरडून सांगायचे. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी असलेली पोरंही ऐकायची. पण पोरांना त्यात काही रस नव्हता, हे नशीब.

बहुतेकांचे पासवर्ड म्हणजे लेकराचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. एका सरांना दोन मुली होत्या आणि पासवर्ड नुसता धाकटीचा होता. दीक्षाला ती थोरली पोरगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये दिसली की उगाचच तिची कीव यायची. पीटीचे उन्मेष ढोबळे सर बिनलग्नाचे, त्यांनी आपल्या बुलेटचा नंबर ठेवला होता. खुद्द मुख्याध्यापक डबीर सरांचा पासवर्ड शाळेचंच नाव होता, आणि तो मोडून काढायला चोराला फार लांब जायची गरज नव्हती, गेटवरची पाटी वाचली की झालं.

हे सगळं दीक्षा आधी फोनमध्येच टिपून ठेवायची. मग एका उन्हाळ्यात ऑफिसातल्या कूलरमध्ये पाणी किती राहिलं ते बघायला ती वाकली आणि ब्लाउजच्या खिशातला... नाही, ब्लाउजला खिसा कुठला, हातातलाच फोन टाकीत गेला. त्या फोनबरोबर अख्खी शाळा बुडाली. कोणाचाच पासवर्ड कोणालाच माहीत नाही. पगाराचं बिल अडलं. डबीर सरांनी डोक्याला हात लावला. शिपाई बळीरामभाऊ तर तो फोन तांदळाच्या डब्यात घालून रोज बाहेर काढून बघायचे, लेकरू तापातून उठलं का बघावं तसे.

उमरेडला तिच्या आतेभावाचं, नागसेनचं, मोबाइलचं दुकान आहे. नवा फोन घेताना त्यानं तिला पासवर्ड सांभाळणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. “हे पाहा,” तो म्हणाला, “यात सगळे पासवर्ड ठेवजो. याले उघडाचा एकच मोठा पासवर्ड राहते, तो तुह्या डोक्यात पाहिजे. फोन बुडाला तरी दुसऱ्या फोनवर सगळं परत येते. पण तो एक मोठा पासवर्ड तू विसरली, तर कंपनीचा बापबी उघडून देत नाही.”

“अन् तुले सांगून ठेवला तं?”

“मले काहून सांगतं? मले सांगितला तं मंग तो तुहा राहिला का?” नागसेन म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनची काच लावायला लागला.

दीक्षानं ते ऐकलं. आपला मोठा पासवर्ड तिनं असा घातला, की तिची आई सिंधूताई, जिला लेकीच्या पोटातलं सगळं न सांगता कळतं, तिलाही तो कधी कळला नाही. आणि मग त्या अ‍ॅपमध्ये तिनं काय भरलं? सगळ्या शाळेचे पासवर्ड. आता यात तिचं चुकलं की नाही? चुकलंच. नागसेनचं अर्धंच बोलणं तिनं स्वतःला लावून घेतलं. स्वतःची किल्ली कमरेला घट्ट बांधली आणि दुसऱ्यांच्या किल्ल्या हौसेनं गोळा करत बसली. पण हौस होती हो तिला. पर्मनंट मास्तर-मास्तरणी, ज्यांचे पगार तिच्या पगाराच्या कितीतरी पट, ते सकाळी पोह्यांची प्लेट घेऊन तिच्या टेबलाशी उभे राहायचे. “आधी खाऊन घे, मग माझं लॉगिन करून दे.” एवढा मान दुसरा कुठं मिळणार होता तिला. तिला तो आवडायचा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मराठीच्या देशकर मॅडम, म्हणजे अरुंधती मॅडम, तिच्याशी सगळ्यांत चांगल्या वागायच्या. डब्यातलं काढून द्यायच्या, आईची चौकशी करायच्या. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरच्या त्या सून. बोलणं हळू, भांडण ठाऊक नाही. त्यांचे वडील, बापूजी, पारशिवनीला राहायचे. आई गेल्यापासून एकटेच. हिवाळ्यात ते आंघोळीच्या वेळी घसरून पडले आणि शेजारच्यांना कळेपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून मॅडमचा जीव थाऱ्यावर नव्हता. बापूजी नागपुरात यायला तयार नाहीत. मळा सोडून तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात काय करू, म्हणतात.

ज्या संस्थेची ही शाळा, त्याच संस्थेची एक शाळा पारशिवनीलाही आहे. तिथं मराठीची जागा रिकामी झाली. संस्थेचे बदलीचे अर्ज दरवर्षी संस्थेच्याच वेबसाइटवर भरायचे असतात. एप्रिलच्या उन्हात, कूलरसमोर बसून, दीक्षानं मॅडमचा अर्ज भरून दिला. मॅडमनी तो दोनदा वाचला. ‘कारण’ लिहायच्या रकान्यात त्यांना नुसतं ‘कौटुंबिक’ लिहायचं होतं. दीक्षा म्हणाली, “मॅडम, बापूजींचं लिहा ना स्पष्ट,” आणि मग तिनंच दोन ओळी लिहिल्या. मॅडमनी डोळे पुसले. अर्ज गेला.

जूनच्या शेवटी शाळा उघडली त्याच दिवशी संस्थेनं बदल्यांची कच्ची यादी लावली. पारशिवनीच्या जागेसमोर नाव होतं उन्मेष ढोबळे. हे सर मूळचे तिकडचेच, मराठीचीही पदवी असलेले, त्यांनी सहज म्हणून अर्ज टाकला होता. देशकर मॅडमचं नाव यादीत खालीवर कुठंच नव्हतं. त्यांच्या अर्जापुढं एवढंच लिहून आलं होतं : अर्जदाराने अर्ज मागे घेतला.

मॅडम यादी घेऊन डबीर सरांच्या खोलीत गेल्या. हळू बोलणारी बाई, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू आला. “सर, मी अर्ज मागं घेतलेला नाही. मी उघडूनसुद्धा बघितला नाही.”

डबीर सर म्हणजे वाईट माणूस नव्हे. फक्त, कोणतीही गोष्ट आपल्या टेबलावरून लवकरात लवकर दुसऱ्याच्या टेबलावर कशी जाईल, याची त्यांना घाई असते. त्यांनी विचारलं, “तुमचा पासवर्ड आणखी कोणाकोणाजवळ आहे?”

“दीक्षाजवळ,” मॅडम म्हणाल्या.

“आणखी?”

“आणखी कोणाजवळच नाही.”

झालं. हे वाक्य मॅडमनी कोणाचं वाईट चिंतून म्हटलं नव्हतं. आपण खरं तेच सांगतोय असं त्यांना वाटत होतं. पण दुपारच्या चहापर्यंत ते वाक्य स्टाफरूमभर फिरून आलं आणि येताना बरंच काही चिकटवून आलं. मागच्या पावसाळ्यात उन्मेष सरांनी दीक्षाला बुलेटवर बसवून एसटी स्टँडवर सोडलं होतं, हे एकाला आठवलं. दीक्षाला पोहे आणून द्यायचे ते सगळेच, पण आठवले फक्त उन्मेष सरांचे पोहे. ज्यांनी ओरडून ओरडून आपले पासवर्ड तिच्या गळ्यात मारले होते, तेच आता एकमेकांना विचारत होते, “या पोरीनं आपलं आणखी काय काय उघडून बघितलं असेल हो?”

डबीर सरांनी दीक्षाला बोलावलं. “मी काही म्हणत नाही,” ते म्हणाले. असं म्हणणारा माणूस पुढं सगळं म्हणतो. “पण हे क्लिअर होईपर्यंत कॉम्प्युटरला हात लावू नकोस. लायब्ररीत बस, पुस्तकं लावून घे. तुझं कंत्राटही यंदा संपून राहिलं ना? ते आपण मग बघू.”

“सर, मी केलं नाही.”

“मी कुठं म्हटलं?”

“पण मले विचारा तं सही, की मी केलं का.”

डबीर सरांनी विचारलं नाही. ते फाइल उघडून बसले.

लायब्ररीत कूलर नव्हता. दीक्षा पुस्तकांवरची धूळ पुसत राहिली. शाळेतला तिचा सगळा मान एका दिवसात उतरला होता, कंत्राटही गेल्यातच जमा होतं. पण तिला जास्त झोंबत होतं ते दुसरंच. देशकर मॅडम तिच्यासमोरून दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी मान वळवली. बाकीच्यांचं दीक्षानं मनावर घेतलं नसतं. या एका बाईचं तिला सहन होईना. बळीरामभाऊ तेवढे चहा घेऊन आले. “तू केलं नाही, हे मले मालूम हाये वं,” ते म्हणाले. “पण माह्या मालूम असण्यानं काय होते? मले तं कोणी पासवर्डबी देत नाही.”

घरी आईनं ताट वाढलं आणि लेकीचं तोंड बघितलं. “काहून वं, जेवून नाही राहिली?” दीक्षानं सगळं सांगितलं. सिंधूताईंनी आधी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाल्या, “तू दुसऱ्याची वस्तू ठेवून घेतली हे खरं हाये ना? मंग दोष येणारच. घेतली नसती तं कोणाची हिंमत होती?” आईचं बोलणं दीक्षाला त्या वेळी विषासारखं लागलं. आपली आईसुद्धा आपल्या बाजूनं बोलत नाही, असं वाटून ती न जेवता उठली. आईनं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही जेवली नाही.

यादीवर हरकत घ्यायची मुदत शनिवारपर्यंत होती. डबीर सरांनी शनिवारी सकाळी देशकर मॅडमना बोलावलं. आधी नवा पासवर्ड घाला, मग हरकत लिहा, म्हणजे पुन्हा कोणी गडबड करणार नाही. सरांना स्वतःला त्या वेबसाइटवरचं काही सापडेना. मग बळीरामभाऊंना सांगून लायब्ररीतून दीक्षाला आणवलं. “हात लावू नको, नुसतं तोंडानं सांग,” सर म्हणाले. दीक्षा हात पाठीमागं बांधून टेबलाशी उभी राहिली. तिनं स्वतःचा फोन सगळ्यांना दिसेल असा सरांच्या टेबलावर ठेवला, बंद करून. मॅडमनी तिच्याकडं बघितलं नाही.

“जुना पासवर्ड टाका, मॅडम,” दीक्षा म्हणाली.

मॅडमची बोटं कळफलकावर थांबली. “मला कुठं पाठ आहे? तुझ्याजवळच तर होता.”

“मी सांगू?” दीक्षानं सरांकडं बघितलं.

“नको, तू नको सांगू,” डबीर सर घाईनं म्हणाले. “विसरला असेल तर काही सोय असेल ना?”

सोय होती. ‘पासवर्ड विसरलात?’ असं खाली लिहिलं होतं. मॅडमनी ते दाबलं. वेबसाइटनं सांगितलं की तुमच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे, आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे दाखवले. मॅडमनी आपला फोन बघितला. काहीच आलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा ते आकडे वाचले.

“हा यांचा नंबर आहे,” त्या म्हणाल्या.

“कोणाचा?”

“घरी. यांचा. माझी सगळी खाती यांनीच उघडून दिली ना, तेव्हा यांचाच नंबर दिला असेल.”

“मग लावा फोन देशकर साहेबांना,” डबीर सर म्हणाले. त्यांना जेवायला घरी जायचं होतं.

कोड ऐकता ऐकता टाकता यावा म्हणून मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला. मुकुंद देशकर पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले गृहस्थ. वीजबिल, गॅस, बायकोच्या फोनचं रिचार्ज, बायकोचा आयकर, घरातलं सगळं तेच बघायचे आणि चोख बघायचे. कोणतीही तारीख त्यांनी कधी चुकवली नव्हती.

“अहो, तुमच्या फोनवर एक कोड आला असेल बघा.”

“आला, आला,” देशकरांचा मोठा, मोकळा आवाज खोलीभर झाला. “काहून गं, परत भरून राहिली का तू तो अर्ज? मी काढून टाकला होता ना तो.”

बळीरामभाऊ चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच उभे होते.

“तुम्ही काढला?” मॅडमनी विचारलं.

“हो, उन्हाळ्यातच. एका दिवशी आयकराचं बघत बसलो होतो, तेव्हा म्हटलं हेही बघून टाकावं. सांगायचं राहूनच गेलं बघ तुला. अगं, रोज पारशिवनीला जाणं-येणं झेपणार आहे का तुला? कंबर बघ आपली. बापूजींना आपण इकडंच आणू, समजावू त्यांना. घे, कोड लिहून घे.” आणि त्यांनी कोड सांगितला, स्पष्ट, एकेक आकडा सुटा करून. मग पुन्हा एकदा सांगितला. कोणी तो टाकला नाही. “लिहिला का?” त्यांनी विचारलं.

“लिहिला,” मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

डबीर सरांनी घसा साफ केला. “म्हणजे... घरचाच मामला होता तर. बरं झालं. गैरसमज झाला, मिटला.”

दीक्षाला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की आपल्याला आनंद होईल. झाला नाही. तिला राग आला, असा राग की कानाच्या पाळ्या तापल्या. “मिटला कसा, सर?” ती म्हणाली. “आठवडाभर मी चोर होती. मॅडमला तुम्ही विचारलं, पासवर्ड कोणाजवळ हाये. त्या म्हणाल्या, दीक्षाजवळ, अजून कोणाजवळच नाही. अन् तुम्हीबी मानलं.”

“मी खोटं नाही गं बोलले,” देशकर मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की सर पुढं झुकले. “माझ्या खरंच डोक्यात आलं नाही. पासवर्ड यांनीच तर घातला होता. मी यांनाच विचारून तुला दिला होता. पण कोणी विचारलं, आणखी कोण, तर... हे म्हणजे कोणी आणखी वाटतच नाहीत ना. इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही.” त्या दीक्षाकडं वळल्या. “तुला मात्र मी लगेच मोजलं.”

दीक्षानं टेबलावरचा आपला फोन उचलला आणि ती स्टाफरूममध्ये गेली. शनिवारची अर्धी शाळा, सगळे निघायच्या तयारीत होते. तिनं फोन सुरू केला, आपला मोठा पासवर्ड घातला आणि एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, तुमचा काढून टाकते, काढायच्या आधी तुमचा तुम्ही बघून घ्या. लोकांना आधी समजेना, मग वाईट वाटलं, मग चक्क राग आला. “एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” एक मॅडम म्हणाल्या. “आता पगाराचं कसं करायचं?” उन्मेष सर म्हणाले, “माझा राहू दे ना, दीक्षा, मी तर काही बोललो नाही.”

“तुम्ही काही बोललेच नाही, सर,” दीक्षा म्हणाली, “त्याचंच तं वाईट वाटलं.” आणि बुलेटचा नंबर काढून टाकला.

आता खरं सांगायचं तर कंत्राट वाचवायचं असेल तर माणसानं असं वागू नये. गरज आहे तोवर मान आहे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. सगळं काढून झाल्यावर अ‍ॅपमध्ये तिचे स्वतःचेच चार-पाच पासवर्ड उरले. एसटीचा, बँकेचा, आईच्या दवाखान्याचा. एवढंच का आपलं, असं वाटून ती जराशी घाबरलीच.

ऑफिसात आली तर देशकर मॅडम कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. स्टाफरूममधले निघून गेले होते. “दीक्षा,” त्या म्हणाल्या, “मला शिकव. तू ठेवू नकोस, मला शिकव. माझ्या फोनमध्ये ते तुझ्यासारखं घालून दे.”

दीक्षाच्या मनात आलं, आता काहून? पण त्या बाईचा चेहरा बघून तिचं मन वळलं. तिनं हात मागंच ठेवले आणि नुसतं तोंडानं सांगत गेली, इथं दाबा, तिथं दाबा. मॅडमनी स्वतःच अ‍ॅप घेतलं. आधी संस्थेच्या वेबसाइटवरचा नंबर बदलायचा होता, त्यासाठी परत देशकर साहेबांना फोन करून कोड मागावा लागला. त्यांनी तो लगेच दिलाही, तसे ते मदतीला कधीच नाही म्हणत नाहीत. मग मॅडमचा स्वतःचा नंबर वेबसाइटवर चढला.

“आता अ‍ॅपचा मोठा पासवर्ड,” दीक्षा म्हणाली. “चार-पाच शब्दांचा घ्या, लांब असला तरी चालते. पण असा पाहिजे, की तुम्हाले कधी विसरणार नाही अन् दुसऱ्या कोणाले कधी सुचणार नाही. मले सांगायचा नाही. सरांनाही नाही. याची दुसरी किल्ली कोणाजवळच राहत नाही, अ‍ॅपवाल्याजवळही नाही.”

मॅडमनी टाइप करायला बोट उचललं आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं. “लेकाचं, गौरांगचं नाव... ते यांना माहीत आहे. लग्नाची तारीख यांना माहीत आहे. माहेरचं गाव, घराचं नाव, माझं आवडतं फूल, सगळंच माहीत आहे.” त्या हसल्या, पण ते हसू अर्धंच राहिलं. “दीक्षा, पन्नाशी उलटली माझी. फक्त मलाच माहीत आहे असं माझ्याजवळ काय आहे गं?”

दीक्षाचा सगळा राग तिथंच गळाला. इतके दिवस ती स्वतःला बिचारी समजत होती. ही पर्मनंट, महालातल्या जुन्या घरची, चौथ्या मजल्यावर फ्लॅट असलेली बाई, आणि हिच्याजवळ कुलपाला घालायला स्वतःचे चार शब्द नव्हते. “असेल, मॅडम,” ती म्हणाली. “प्रत्येकाजवळ राहते. घाई नका करू.”

“तू बघशील.”

“नाही बघणार,” दीक्षा म्हणाली, आणि ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. नकाशाच्या शेजारी, नाक चुन्याला लागेल इतकी जवळ.

मागं कितीतरी वेळ काही वाजलं नाही. मग एक कळ वाजली. मग थांबून आणखी एक. मग मॅडम एकदम, अगदी बारीक, एखाद्या पोरीसारख्या हसल्या. कसलं आठवलं त्यांना कोण जाणे. आणि मग कळा भराभर वाजायला लागल्या, न थांबता, न अडखळता. दीक्षाला ते ऐकून आठवड्यात पहिल्यांदा रडू आलं. लायब्ररीत आलं नव्हतं, आईसमोर आलं नव्हतं. भिंतीकडं तोंड होतं हे बरंच झालं, कोणाला दिसत नव्हतं.

डबीर सर छत्री घेऊन निघाले होते. दारातून त्यांनी बघितलं आणि थबकले. “हिला भिंतीकडं कोणी उभं केलं?”

“मी,” देशकर मॅडम म्हणाल्या. “तुम्ही निघा, सर. हरकत मी स्वतः लिहून राहिले. आणि सोमवारी दीक्षाच्या कंत्राटाचं पत्र टाइप होईल तेव्हा खाली माझीही सही घ्या. आठवडाभर जे झालं ते माझ्यामुळं झालं, तेही त्यात लिहा.” डबीर सर हो म्हणाले. आजपर्यंत या बाईंनी त्यांना काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळं नाही कसं म्हणायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

मॅडमचा फोन वाजला. हात कामात होते म्हणून त्यांनी तो स्पीकरवरच घेतला.

“झालं का गं सगळं?” देशकर साहेबांचा आवाज आला. “काय ठेवला पासवर्ड? मला पाठवून ठेव, नाहीतर विसरशील.”

“नाही विसरणार.”

“अगं, पण कोणाजवळ तरी पाहिजे ना. असं कर, दीक्षाला तरी सांगून ठेव.”

“तिला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “ती भिंतीकडं तोंड करून उभी आहे. मी वळ म्हणेपर्यंत वळत नाही म्हणते.”